चांगले पत्ते

“गुलाम मोठा की राजा रे?” मावशीने पत्ते छातीशी धरून मुलाला विचारलं.

मुलाने टेबलापलीकडे बसलेल्या भाचीकडे बघितलं. बघ, मी काय म्हणत होतो, असा त्याचा चेहरा. भाचीने ओठ दाबून पत्त्यांत डोकं घातलं. आत्ता हसू फुटलं असतं तर सगळं मुसळ केरात.

“राजा मोठा, आई,” मुलगा आजाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला.

“असं होय. मग मी आपली दोनच लावते.” मावशीने दोन बटणं पुढे सरकवली.

मुलगा आला होता तो आईला कायमचं घेऊन जायला. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडतात, गॅस चालू राहतो, फोनवर तेच ते पुन्हा विचारते. आता हिने एकटीने राहायचं नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे खोली रंगवून तयार होती. उद्या सकाळी सामान न्यायला टेम्पो येणार होता. हे घर मावशीने टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीवर, एकटीच्या जिवावर उभं केलेलं. इथून हलवली तर ती खंगेल, ही भाचीची खात्री. सकाळी स्वयंपाकघरात दोघांची चांगलीच जुंपली होती. शेवटी भाची म्हणाली, “दादा, मावशी विसरत नाही, सोंग करते. पटत नसेल तर दुपारी पत्त्यांना बस. तुला ती खरंच भ्रमिष्ट वाटली, तर मी स्वतः टेम्पोत सामान चढवीन.” यावर तो कबूल झाला.

शनिवारचा पोकर हा या घरचा नेम. मावशी, भाची आणि शेजारचे ड्रायव्हरकाका. पैशांऐवजी शिवणाच्या डब्यातली बटणं. प्रत्येकी पाच पत्ते, नको असतील ते एकदा बदलून घ्यायचे, मग बटणं लावायची. बटणांनी कुणाचं घर बुडत नाही, म्हणून इथे सहसा कुणी पत्ते टाकून डाव सोडत नाही. समोरच्याकडे काय आलंय ते बघायची खाज सगळ्यांनाच. मावशीचं सगळं शास्त्र या खाजेवर उभं होतं. हातात काही नसताना थापा मारण्यात अर्थ नाही, लोक बघितल्याशिवाय सोडतच नाहीत. चांगले पत्ते यायची वाट बघायची, आले की वेड पांघरायचं आणि समोरच्याचं शेवटचं बटण निघेपर्यंत लावत राहायचं. “चांगले पत्ते रोज येत नाहीत गं,” ती भाचीला सांगायची. “आले की पुरेपूर वसूल करायचे. तिथे भीड धरायची नाही.” हे शिकवता शिकवता तिने भाचीला कितीदा धुऊन काढलं होतं, त्याला गणती नाही.

मुलाकडे तीन राजे होते. आई हरणार याचं त्याला वाईटच वाटत होतं, पण राजे काही सोडवेनात. त्याने दोनाला दोन घातली. मावशीने चष्मा वर केला, खाली केला आणि चार लावली. मग सहा. मुलगा तिचं मन राखल्यासारखा घालत गेला. त्याच्यापुढे काही उरलं नाही, तेव्हा तिने पत्ते उलटे केले. पाचही बदाम. एका रंगाचे पाच, तीन राजांना खाणारे.

“यात गुलाम आहे ना,” मावशी म्हणाली. “म्हणून विचारत होते.”

ड्रायव्हरकाका खो-खो हसायला लागले. “आम्हाला दर शनिवारी अशीच नागवते ही. म्हटलं, तू पोटचा, निदान तुला तरी सोडेल.”

मुलगा आधी खजील झाला. मग तोही हसत सुटला, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भाचीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तिने आपल्यातली मूठभर बटणं त्याच्यापुढे सारली आणि पुन्हा पत्ते वाटले गेले.

या डावात मुलाचं लक्ष नव्हतंच. तो आईकडे कौतुकाने बघत बसला होता. मावशीने दोन पत्ते बदलले. दोनच बदलले म्हणजे हिच्याकडे तीन सारखे असणार, हे भाचीने ओळखलं आणि मुकाट्याने आपले पत्ते खाली ठेवले. काकांनी पाच बटणं लावली.

“मी नाही,” मुलगा उठत म्हणाला. “त्या टेम्पोवाल्याला फोन करून येतो. नको म्हणून सांगतो.” जाता जाता त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशी पत्त्यांकडे बराच वेळ बघत राहिली. आता हिचा प्रश्न येणार, म्हणून काका सावरून बसले. पण तिने पत्ते पालथे घातले. “मला काही आलं नाही बाई.” काकांनी खुशीत बटणं ओढली आणि ते पाय मोकळे करायला गॅलरीत गेले.

वाटायची पाळी भाचीची होती. पत्ते गोळा करताना तिने मावशीचे उलटून बघितले. चार राण्या आणि एक सत्ती. मघाच्या पाच बदामांनाही खाणारे पत्ते.

बाहेरच्या खोलीतून दादाचा आवाज येत होता. “नाही नाही, रद्दच करा. आई इथेच राहणार आहे. ठणठणीत आहे ती.”

मावशीचा यातही काही डाव असेल, अशी भाचीने स्वतःची समजूत घालून बघितली. पण चार राण्या टाकून कुणाचं बटण मिळत नाही. तिने चारही राण्या मावशीसमोर ओळीने मांडल्या.

मावशीने चष्मा सारखा केला. एकेक पत्ता नीट बघितला. मग मान वर करून ती भाचीकडे बघून मनापासून हसली.

“छान आले होते की,” ती म्हणाली. “कुणाचे?”