तुपाळ रक्त

रक्त याही खेपेला पांढरं निघालं.

पिशवीत तसं लालच होतं. पण यंत्रात फिरवल्यावर वर पिवळं पाणी यायला हवं, तिथे दूध आलं. टेक्निशियनने बाटली उजेडात धरली. "भिया, ये खून है कि लस्सी?"

संग्राम बोलणार कशाने? गाठ काढताना खालचा अर्धा जबडाही गेला होता. उरलेला धातूच्या एका पट्टीवर लटकत होता. कमरेच्या हाडाचे तुकडे तिथे बसवायचे आणि त्याच्याच रक्तातून काढलेल्या डिंकाने चिकटवायचे, असा डॉक्टर मेधांचा बेत. बाजारातला डिंक त्याला सोसत नव्हता. आणि खाल्लेलं तूप असं दुधासारखं उतरलेल्या रक्तातून डिंक धड निघत नव्हता.

पहिल्या खेपेचा गुन्हेगार सापडला होता. आई, नर्मदाबाई. रक्तातून डिंक काढायचा, तर आधी पोटात डिंक नको? त्यांनी डिंकाचे लाडू तुपात पातळ करून लेकाला नळीने पाजले. वर डॉक्टरांनाच सुनावलं, "दरबारी घराणं आहे आमचं. आमचं रक्त तुपावरच चालतं."

म्हणून या वेळी त्यांची रवानगी सरदारपूरला, बहिणीकडे. घरात फक्त बायको, राजनंदिनी. तीही पाहुणीच. नवऱ्याशी भांडून धारला वेगळी राहायची, तिथल्या शाळेत शिकवायची. जबडा बसेपर्यंतच थांबेन, असं बजावून देवासला सासरी आली होती.

"पट्टी ढिली होतेय," मेधा म्हणाल्या. "आता एकच चान्स. नाहीतर तोंड कायमचं गेलं समजा."

राजनंदिनीने दवाखान्यातूनच सासूबाईंना फोन लावला.

"टेकडीवरच्या मातेची शपथ, सूनबाई," नर्मदाबाई रडायला लागल्या. "या वेळी मी थेंबसुद्धा दिला नाही गं."

घरी येऊन तिने स्वयंपाकघर पालथं घातलं. तुपाचा डबा रिकामा. तुपाची वाटी सापडली ती संग्रामच्या पलंगाखाली. आत नळी तशीच.

"मरायचंय का तुम्हाला?" तिचा आवाज फाटला.

संग्रामने मोबाईल ओढला. मराठी लिहायचे त्याचे वांधेच, शाळा सगळी हिंदीतली. हिंदीतच लिहिलं: "जबड़ा ठीक हुआ, तो तुम धार चली जाओगी."

तिने ओळ वाचली आणि मोबाईल उशीवर ठेवला. मग त्याच्या हनुवटीखाली थिजलेलं तूप पदराने पुसलं.

"आधी ते तोंड नीट करून घ्या," ती म्हणाली. "एकटीनेच भांडून भांडून जीव नकोसा झालाय माझा."