कवचावरचा कौल

राणी बाळंत झाल्याचं कळताच प्राचीन चीनच्या राजपुरोहिताने कासवाचं कवच पुढे ओढलं. हेच कवच तापवून, त्याला पडलेल्या भेगा वाचून त्याने बाळंतपणाचा कौल दिला होता आणि त्यावरच कोरला होता. आता त्या कौलाखाली तो निकाल कोरू लागला.

"काय कोरताय?"

तान्ह्या लेकीला छातीशी धरून ओली बाळंतीण राणी दारात उभी होती.

"अशुभ. मुलगी झाली."

"आणि गेल्या उन्हाळ्यात मी सैन्य घेऊन सीमेवर गेले, शत्रूला पिटाळून आले, तेव्हा काय कोरलंत?"

"शुभ," तो पुटपुटला.

"तेव्हा मी कोण होते हो? मुलगा?"

पुरोहिताची छिन्नी चालूच राहिली.

राणीने लेक मागे उभ्या असलेल्या सुइणीच्या हाती दिली, विजयानंतर तिथे भिंतीवर टांगलेली आपली लढाईची कुऱ्हाड काढली आणि कवचावर घातली.

"घ्या. वाचा आता या भेगा!"