कडेचा लाडू

साखरपुड्याची मंडळी छोट्या खोलीत कशीबशी मावली होती, पण फोटोत मावत नव्हती. आजोबांनी नातीच्या कॅमेऱ्याला आपली जुनी, अगदी दोन्ही बाजूंचंही टिपणारी फिशआय लेन्स लावून दिली.

"ऋजुता, ही लेन्स सगळं वाकडं दाखवते, पण नसलेलं काही दाखवत नाही. मी शेजारीच उभा राहतो, तू बिनधास्त काढ."

शेजारी बेसनाच्या लाडवांचं ताट होतं. डॉक्टरांनी आजोबांचं गोड बंद केल्यापासून आजींचा पहारा कडक होता; पुन्हा सापडले, तर चहासुद्धा बिनसाखरेचा होणार होता. पण फोटोसाठी आजींनी नेहमीप्रमाणे चष्मा काढला आणि आजोबांचा हात ताटाकडे गेला.

फोटो निघाल्यावर आजींनी चष्मा लावून कॅमेऱ्यात पाहिलं. सगळे पाहुणे खदखदून हसत होते आणि कडेला केळ्यासारखे वाकलेले आजोबा भोपळ्याएवढा लाडू तोंडात कोंबत होते.

"अगं, लेन्समुळे तसं दिसतं!" आजोबा म्हणाले.

"पण आजोबा, ती नसलेलं काही दाखवत नाही ना?" नातीने विचारलं.

धडा इतका पक्का झालेला पाहून आजोबांमधल्या मास्तरांना राहवलं नाही.

"शाबास!" ते ओरडले, आणि तोंडातलं बेसन आजींच्या पैठणीवर उडालं.