हॉल लहान कर

धुळ्यात माझं स्टेज साउंडचं दुकान होतं. सत्त्याण्णव साली साक्रीच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला वाल्मीक भरदुपारी मॉनिटर घ्यायला आला. वाजवणाऱ्याला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून त्याच्या पायाशी ठेवतात, तो हा स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो.

त्यानं गिटार नव्या डिजिटल प्रोसेसरला जोडली आणि ‘हॉल’ लावला. मग एवढ्याशा दुकानात वाजवलं तरी मोठ्या सभागृहात वाजवल्यासारखं घुमतं.

पहिल्या मॉनिटरचा आवाज बद्द होता. दुसरा स्वच्छ. इतका स्वच्छ, की सूर विरल्यावर त्या हॉलच्या पार टोकाला कुणीतरी अडकित्त्यानं सुपारी कातरताना ऐकू आलं. कट. कट.

“नाना, हॉलमा कोन शे?” वाल्मीक हसत म्हणाला.

मी वायर बदलली. बहुतेक वेळा दोष तिथंच असतो. कट. तीक्ष्ण आवाज दबावेत म्हणून ट्रेबल उतरवला. कट, तेवढंच स्पष्ट.

“हॉल लहान कर,” मी म्हणालो.

त्यानं बटण फिरवलं. हॉल लहान झाला, तसा अडकित्ता जवळ आला. आणखी फिरवलं, आणखी जवळ. वाल्मीकचं हसू गेलं.

“बंदच कर.”

त्यानं प्रोसेसर बंद केला. मी मॉनिटरची पिन उपसली. वाल्मीक माझ्यासमोर उभा होता, दुकानात तिसरं कुणी नव्हतं.

कट.

शेजारी कुणी सुपारी कातरली की आपला हात आपोआप पुढे होतो. माझाही झाला.

तळहातावर खांड पडलं.