सवतीचा ताप

कुंभार्ली घाट चढताना श्रीरंगची नजर तापमानाच्या काट्यावरून हटत नव्हती. काटा मात्र आज ढिम्म हलत नव्हता.

आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारला त्यानं हौसेनं दांडगं इंजिन बसवलं, तेव्हापासून गाडी प्रत्येक घाटात उकळायची. मग इंजिनाची धग उतरवायला आतला हीटर पूर्ण सोडावा लागे. भर मे महिन्यातसुद्धा त्याची बायको सुमेधा कपाळावर ओला रुमाल ठेवून शेजारी बसायची. “माझ्या सवतीला ताप आला हो,” म्हणून हसायची.

आता पुढच्या केमोसाठी तिला कराडला न्यायचं होतं. पुन्हा तिच्या जिवाला ती काहिली नको, म्हणून त्यानं मोठा रेडिएटर आणि दोन पंखे बसवून घेतले. हीटरची कटकट तर मुळासकट काढून टाकली.

“बघितलंस? काटा हललासुद्धा नाही!” तो म्हणाला.

सुमेधानं शाल गळ्यापर्यंत ओढली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिचे दात वाजत होते.

“छान झालं रे,” ती म्हणाली. “आता जरा हीटर लाव ना.”

श्रीरंगचा हात सवयीनं पुढे गेला आणि बटणाच्या जागी उरलेल्या भोकावर थांबला.