पत्रिका कुनी पुसली?

"पुसली ना? मुद्दाम पुसली ना तू?" दैवशालानं माऊस आपटला.

"मी कशाला पुसू? परवा माझ्या भावाची पत्रिका गेली, तवा तुमीच होता मशीनवर!" राजेश्री धाकटी जाऊ असली म्हणून काय झालं, ती ऐकून घेणारी व्हय?

मानवतच्या स्टँडजवळ त्यांचं लग्नपत्रिकेचं दुकान. चारठाण्याची पार्टी समोर ताटकळत उभी. दैवशालानं सकाळी सगळा मजकूर टाईप करून सेव्ह केला, दुपारी राजेश्री छापायला बसली तर फाईलच न्हाई! नवा कॉम्प्युटर आला, दोघींचे पासवर्ड येगळे झाले, तवापासून हेच. हिचं केलेलं तिला दिसत न्हाई, तिचं हिला न्हाई.

"माझ्या पार्ट्या पळवायलीय ही," दैवशाला त्या लोकांपुढंच म्हणली.

"तुमी माझ्या माहेरावर जळता, ते सांगा की!"

सासू, धुरपताबाई, खुर्चीवर लय शांत बसलेली. परभणीहून प्रीतमला, कॉम्प्युटरवाल्याला, तिनंच बोलावलेलं. "तू फक्त चोर दाखव," ती त्याला म्हणली. "जिची चूक निघंल, तिचं उद्यापासून दुकानात पाय ठेवणं बंद."

दैवशाला मशीनवरून उठली.

प्रीतमनं दैवशालाच्या पासवर्डनं पत्रिकेचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं. फाईल हाय! राजेश्रीच्या पासवर्डनं उघडलं. गायब! मंग त्यानं कुठले कुठले लपलेले फोल्डर उकरले अन् हसायलाच लागला.

"कुनीच काय पुसलं न्हाई. सॉफ्टवेअर जुनं हाय, ते फाईल सोताच्या फोल्डरात ठेवायला बघतंय. नवी विंडोज तिथं लिहूच देत न्हाई. पण तसं सांगत बी न्हाई! 'सेव्ह झालं' म्हणती अन् गुपचूप जिचा पासवर्ड तिच्या कप्प्यात टाकती. ही बघा चारठाण्याची. ही भावाची. सगळ्या जागच्या जागी हायत."

दोघी जावा स्क्रीनवर वाकल्या. इतक्या जवळ तर त्या सणालाबी बसत न्हाईत. राजेश्रीच्या डोळ्यात पाणीच आलं. दैवशालानं तिच्याकडं बघितलं न्हाई, पण आवाज उतरला होता. "एका जागी आणता येतंय का हो, भाऊ?"

"येतंय की. आत्ता करतो."

"ते ऱ्हाऊ दे." धुरपताबाई खुर्चीवरून उठली. "चूक कुनाची ते सांग. सैपाकाला मला एक सून घरी पायजे."