काठीचं म्हणणं

कंपवाताने बाबांचे पाय दारापाशी थिजायचे, म्हणून मुलाने बोलणारी काठी आणली. वाट मोकळी असली की ती म्हणायची, "चला," आणि बाबा निमूट चालायचे. मुलाचं त्यांनी इतकं कधी ऐकलं नव्हतं.

आज मात्र बाथरूमच्या रिकाम्या दारासमोर तिने एकच धोशा लावला होता, "थांबा. पुढे माणूस आहे."

"अरे, कर काहीतरी, आता दम निघत नाही," बाबा कळवळले.

काठीच्या कंपनीच्या हेल्पलाइनवर मघापासून नुसतं संगीत वाजत होतं. मुलाचं डोकं फिरलं. "कुठाय माणूस?" म्हणत तो स्वतःच दारात जाऊन उभा राहिला. "हं, आता बोल!"

"वाट मोकळी आहे," काठी म्हणाली. "चला."

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. "गेला कुठे हा पोरगा? आत्ता तर इथे होता," असं पुटपुटत ते सरळ त्याच्या अंगावर चालत आले.